मेमोरियल डे मूळचा कुठला: वॉटर्लूचा की चार्ल्सटनचा?

अमेरिकेतल्या मेमोरियल डेचं, म्हणजे युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाचं, जन्मगाव म्हणून सरकारदरबारी नोंद आहे ती न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लूची. ५ मे १८६६ रोजी तिथे दुकानं बंद ठेवून, झेंडे अर्ध्यावर उतरवून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धातल्या मृतांना मानवंदना दिली गेली. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनचा प्रसंग मात्र १ मे १८६५ चा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कैदेत मेलेल्या उत्तरेच्या अडीचशेहून अधिक सैनिकांना तिथेच सामूहिक खड्ड्यात पुरलं होतं. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी त्यांना वेगवेगळ्या कबरी दिल्या, भोवती पांढरं कुंपण घातलं. मग हजारो शाळकरी मुलं गुलाब घेऊन मिरवणुकीने आली. माझ्या मते पहिला मान यांचाच. वॉटर्लूने प्रथा पुढेही पाळली, चार्ल्सटनची आठवण दक्षिणेत दडपली गेली, म्हणून नोंद उलटी झाली.