जिन्यावरच्या एका दिव्याला तीन बटणे : टू-वे आणि इंटरमीजिएट स्विचच्या संचाचा अनुभव

आमच्या घरातील जिन्याच्या वळणावर एकच दिवा आहे आणि त्याचे बटण इतकी वर्षे फक्त खालच्या मजल्यावर होते. रात्री वर जाताना दिवा लावला, तर तो मालवण्यासाठी पुन्हा खाली उतरावे लागे. म्हणून बहुतेक वेळा तो रात्रभर तसाच जळत राही, नाहीतर कठड्याला धरून अंधारात पायऱ्या चाचपडत उतरावे लागे. वळणावरच्या खोलीत आई राहायला आल्यानंतर मात्र ही गैरसोय चालवून घेणे मला पटेना, कारण दिवा लावण्यासाठी तिला आधी अर्धा जिना अंधारातच उतरावा लागला असता. म्हणून खाली, वळणावर आणि वर अशा तिन्ही ठिकाणांहून तोच दिवा लावता आणि मालवता यावा, अशी सोय करून घेतली. त्यासाठी दोन टू-वे स्विच आणि एक इंटरमीजिएट स्विच असा एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील संच आणला. सात महिने तो रोज वापरात आहे. कंपनीचे नाव देत नाही. जे लिहितो आहे, त्यातील बहुतेक भाग या जातीच्या कोणत्याही संचाला लागू पडणारा आहे.

हे स्विच आतून काय करतात ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढची तक्रारही कळणार नाही. साध्या बटणाला दोन टर्मिनल (वायर जोडण्याच्या जागा) असतात आणि ते फेज (वीज घेऊन येणारी वायर) जोडते किंवा तोडते. टू-वे स्विचला तीन टर्मिनल असतात, त्यांतील एक कॉमन. बटण कोणत्याही बाजूला दाबलेले असो, कॉमन उरलेल्या दोघांपैकी एकाशी जोडलेले असतेच. ‘बंद’ अशी स्थिती या स्विचला मुळात नाही. जिन्याच्या दोन टोकांना असे दोन स्विच बसवायचे, त्यांची उरलेली टर्मिनल दोन वायरींनी एकमेकांना जोडायची, पहिल्याच्या कॉमनला फेज द्यायचा आणि दुसऱ्याच्या कॉमनमधून दिव्याकडे वायर न्यायची, की वायरमन ज्याला जिना वायरिंग म्हणतात ते तयार होते. दोन्ही स्विच एकाच वायरीवर टेकलेले असले तर दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असले तर मालवतो. तिसरे ठिकाण हवे असेल तेव्हा याच दोन मधल्या वायरी तोडून त्यांच्यामध्ये इंटरमीजिएट स्विच घालतात. त्याला चार टर्मिनल असतात. एका स्थितीत तो दोन्ही वायरी सरळ पुढे पाठवतो आणि दुसऱ्या स्थितीत त्यांची अदलाबदल करतो, इतकेच त्याचे काम. चौथे, पाचवे ठिकाण वाढवायचे असेल तर मध्ये आणखी इंटरमीजिएट घालत जायचे, टोकांचे टू-वे मात्र दोनच राहतात; म्हणजे पाच ठिकाणांसाठी २ टू-वे आणि ३ इंटरमीजिएट. इंटरनेटवरची चित्रे पाहून माल मागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की अमेरिकेत टू-वे स्विचला थ्री-वे आणि इंटरमीजिएटला फोर-वे म्हणतात. टर्मिनल मोजले की हा गोंधळ उरत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. दोन्ही टू-वे स्विच मला मनापासून आवडले. बटण दाबताना ते अर्ध्यावर रेंगाळत नाही, एका निश्चित ठिकाणी पोहोचले की पटकन पलटते, आणि या स्विचमध्ये हे महत्त्वाचे असते. कारण संपर्क अर्धवट राहिला तर ठिणगी पडून आतील पृष्ठभाग जळत जातो. टर्मिनलचे स्क्रू पक्के आहेत, डोके लवकर झिजणारे नाही, आणि दीड चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी एका भोकात नीट बसतात. पाठीवर कॉमनची खूण स्पष्ट कोरलेली आहे. घरगुती स्विचसाठीच्या आयईसी ६०६६९ या आंतरराष्ट्रीय मानकात टू-वेला ६ आणि इंटरमीजिएटला ७ हा नमुना क्रमांक आहे, आणि तोही तिन्ही नगांच्या पाठीवर छापलेला होता. खोक्यात माल बदलला गेला नाही ना, हे पाहण्यासाठी हा आकडा फार उपयोगी पडतो, कारण समोरून तिन्ही बटणे हुबेहूब सारखी दिसतात.

इंटरमीजिएट स्विचच्या बाबतीत मात्र माझा अर्धा दिवस गेला. वायरमनने एमसीबी (त्या सर्किटची वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) बंद करून, सोबतच्या कागदावरील आकृतीप्रमाणे खालून आलेल्या दोन वायरी वरच्या दोन टर्मिनलला आणि वर जाणाऱ्या दोन वायरी खालच्या दोन टर्मिनलला जोडल्या. एमसीबी चालू केला आणि दिवा लागला. खालून मालवला, वरून लावला, सर्व ठीक. नंतर वळणावरचे बटण दाबले आणि दिवा मालवला, हेही ठीक. पण त्यानंतर तो ना खालून लागेना, ना वरून. वळणावरचे बटण पुन्हा पूर्वीच्या बाजूला आणले की दोन्ही टोके पूर्ववत काम करू लागत. तीन बटणांच्या मिळून ८ स्थिती होतात आणि बरोबर जोडणीत त्यांपैकी ४ स्थितींत दिवा लागलेला असला पाहिजे. आम्ही कागदावर तक्ता करून एकेक स्थिती तपासली, तेव्हा फक्त २ स्थितींत दिवा लागत होता.

हे लक्षण नेमके काय सांगते, ते त्या दिवशी मला नीट समजले. इंटरमीजिएट स्विचची चार टर्मिनल दोन जोड्यांत असतात, एक जोडी येणाऱ्या वायरींची आणि एक जाणाऱ्या वायरींची. या जोड्या काही बनावटींत वर-खाली असतात, तर काहींत डावी-उजवीकडे. आमच्या स्विचमध्ये त्या डावी-उजवीकडे होत्या आणि कागदावरची आकृती वर-खालीची होती. त्यामुळे बटणाच्या एका स्थितीत खालून आलेल्या दोन्ही वायरी आपसांतच जोडल्या जात आणि वर जाणाऱ्या दोन्ही आपसांत. पलीकडे काही पोहोचतच नसे. शॉर्ट सर्किटचा धोका यात नव्हता, कारण न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, या स्विचपर्यंत येतच नाही, पण मधले बटण चुकीच्या बाजूला राहिले की सारा जिना अंधारात.

उपाय सोपा निघाला आणि तो प्रत्येकाने वायर जोडण्याआधीच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. स्विच बोर्डाबाहेर, हातात मोकळा असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जोडलेली असली की आवाज करणाऱ्या स्थितीवर) ठेवावा, दोन-दोन टर्मिनलला टोके लावावीत आणि प्रत्येक वेळी बटण दोन्ही बाजूंना दाबून पाहावे. ज्या दोन टर्मिनलमध्ये बटणाच्या कोणत्याही स्थितीत आवाज येत नाही, ती दोन एका बाजूची जोडी. उरलेली दोन दुसऱ्या बाजूची. आम्ही डावीकडच्या दोघांना टोके लावली, बटण चार-पाच वेळा इकडून तिकडे केले, मीटर गप्प राहिला. उजवीकडच्या दोघांनाही तसेच. आणि तिरपी टोके लावताच एका बाजूला तो स्पष्ट वाजू लागला. वायरी त्याप्रमाणे बदलल्या आणि ८ पैकी ४ स्थितींत दिवा लागू लागला. हीच कसोटी टू-वे स्विचलाही चालते : जी दोन टर्मिनल कधीच जुळत नाहीत ती मधल्या वायरींची, आणि उरलेले एकटे टर्मिनल कॉमन. कॉमनची गल्लत झाली असेल तर लक्षण असे दिसते, की त्या टोकाचे बटण एका बाजूला असताना दुसरीकडून काहीही केले तरी दिवा लागत नाही. स्विच चांगला असूनही चुकीची आकृती सोबत देणे ही कंपनीची गंभीर चूक आहे, कारण सगळ्यांकडे मीटर नसतो आणि असे लक्षण दिसले की पहिला संशय स्विच खराब असल्याचाच येतो. चांगला नग परत जातो, दुसरा येतो, आणि तोही तसाच वागतो.

दुसरी अडचण स्विचची नव्हती, पण अशा जोडणीत ती हमखास भेटू शकते. पहिल्या रात्री दिवा मालवल्यावरही एलईडी बल्बमध्ये अगदी मंद उजेड राहत होता. दिवा मालवलेला असताना त्याची वायर मधल्या दोघींपैकी रिकाम्या वायरीशी जोडलेली असते, आणि त्याच पाइपातून तिला चिकटून दुसरी वायर फेज घेऊन जात असते. दोन वायरी लांबवर समांतर गेल्या की कपॅसिटरसारखा परिणाम होतो आणि किंचित प्रवाह रिकाम्या वायरीत उतरतो. जुन्या तारेच्या बल्बला तो जाणवतही नसे, एलईडीला मात्र एवढासा प्रवाहही पुरतो. आम्ही दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावला आणि उजेड थांबला. तसे झाले नसते, तर दिव्याच्या दोन टोकांना समांतर जोडायचा, याच कामासाठी मिळणारा छोटा कपॅसिटर बसवावा लागला असता. याच कारणामुळे रिकाम्या वायरीला टेस्टर लावला तरी त्यातला दिवा मिणमिणू शकतो. तेवढ्यावरून जोडणी चुकली असे ठरवू नये.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टींवर मी वायरमनशी आधीच बोलून घेतले होते. स्विचमधून फक्त फेज जायला हवा. वायर वाचवण्यासाठी दोन्ही टोकांच्या टू-वे स्विचना फेज आणि न्यूट्रल दोन्ही द्यायचे आणि दोन कॉमनच्या मध्ये दिवा जोडायचा, अशी एक जुनी पद्धत आहे. तिच्यात दिवा मालवलेला असतानाही होल्डरच्या दोन्ही टोकांवर फेज असू शकतो, आणि बल्ब बदलणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. ही पद्धत कुणी सुचवली तरी मान्य करू नये. दुसरी गोष्ट, खालच्या मजल्याच्या सर्किटमधून फेज आणि वरच्या मजल्याच्या सर्किटमधून न्यूट्रल घेण्याचा मोह जिन्यावर फार होतो, कारण दोन्ही हाताशी असतात. तसे केले तर एक एमसीबी पाडूनही न्यूट्रलच्या वायरीत धोका शिल्लक राहतो आणि जिथे आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे तिथे तो विनाकारण पडत राहतो. दोन्ही एकाच सर्किटमधून घ्यावेत. शिवाय या जोडणीत बटणाच्या दिशेवरून दिवा चालू की बंद हे कधीच ओळखता येत नाही. म्हणून बल्ब बदलताना बटणावर विसंबू नये, एमसीबीच पाडावा.

बोर्डाच्या खोलीचाही विचार आधी करावा. वळणावरच्या बोर्डात चार वायरी वळवून बसवायच्या असतात, आणि आमचा जुना बोर्ड उथळ असल्याने झाकण बसेना. तो बदलावा लागला. प्रत्येक मालिकेत इंटरमीजिएट स्विच असतोच असे नाही, तेव्हा घरभर एखादी मालिका बसवण्याआधी ती खात्री करून घ्यावी. एक इंटरमीजिएट जास्तीचा घेऊन ठेवला तर तो वाया जात नाही, कारण एका जोडीतले एक टर्मिनल रिकामे सोडले की तोच टू-वे म्हणून वापरता येतो.

याला पर्याय आहेत. इम्पल्स रिले (बटण क्षणभर दाबले की दर वेळी दिव्याची स्थिती पालटणारा स्विच) लावला तर घंटीसारखी कितीही बटणे समांतर जोडता येतात, प्रत्येक बटणाला दोनच वायरी लागतात, आणि चारपेक्षा अधिक ठिकाणे असतील तर मीही तोच मार्ग निवडेन. पण रिले बिघडला की सगळी बटणे एकदम निकामी होतात. बिनतारी बटणे भिंत फोडायची नसेल त्यांना सोयीची आहेत. जिन्यासारख्या जागी मात्र वीज आली की दिवा लागलाच पाहिजे, आणि ज्यात बॅटरी, बिनतारी जोडणी किंवा मोबाइल मध्ये येत नाही अशा या साध्या यांत्रिक स्विचवर माझा भरवसा अधिक आहे. सात महिन्यांत एकही स्क्रू ढिला झालेला नाही, एकही बटण अडखळलेले नाही. टू-वे स्विच मी निःशंकपणे घ्यायला सांगेन. इंटरमीजिएटही घ्यावा, पण सोबतचा कागद बाजूला ठेवून आणि मीटरने जोड्या ठरवून.

चुकीच्या आकृतीबद्दल कंपनीला फोटोसह लिहिले आहे. आमची बरोबर आकृती, कोणत्या टर्मिनलला कुठली वायर आहे याच्या नोंदीसह, वळणावरच्या बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे. मागच्या दाराशी चौथे बटण बसवायचे ठरले आहे, त्यासाठी याच मालिकेतला आणखी एक इंटरमीजिएट आणला आहे. तोही तपासला, त्याच्याही जोड्या डावी-उजवीकडेच आहेत आणि खोक्यातला कागद अजून वर-खालीचाच आहे.