स्फिंक्सचं ऑटोडॉक: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं साधन, आणि ऑटोडॉक हे कोडमधूनच ती पानं भरणारं त्याचं एक्स्टेंशन. पायथनच्या मोठ्या कोडबेससाठी ऑटोडॉक बिनधास्त घ्यावं, फक्त एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी: ते कोड नुसता वाचत नाही, मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतं आणि मग जिवंत क्लासलाच मेथड, सिग्नेचर (पॅरामीटरची यादी), डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं वर्णन) विचारतं. त्याचे फायदे आणि डोकेदुखी दोन्ही इथूनच येतात.

फायदा असा, की पॅरेंट क्लासमधून आलेली किंवा रनटाइमला चिकटवलेली मेथडही त्याला दिसते. चाइल्ड क्लासमध्ये मेथड ओव्हरराइड करताना डॉकस्ट्रिंग लिहिली नसेल, तर पॅरेंटची उचलली जाते.

आता डोकेदुखी. मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर डेटाबेस कनेक्शन उघडत असाल, तर डॉक्युमेंटेशनच्या बिल्डमध्येही ते उघडतं. बिल्ड सर्व्हरवर एखादी लायब्ररी नसेल तर इम्पोर्ट फसतो, पण स्फिंक्स नुसता इशारा देतं. बिल्ड हिरवी आणि पान कोरं! म्हणून सीआयमध्ये (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) इशाऱ्यांना एरर मानणारा कॅपिटल डब्ल्यूचा फ्लॅग लावाच. जुन्या आवृत्त्यांत सोबत ‘कीप-गोइंग’ही हवं, नाहीतर बिल्ड पहिल्याच इशाऱ्याला थांबते.

नसलेल्या लायब्ररीचं नाव ‘ऑटोडॉक_मॉक_इम्पोर्ट्स’मध्ये घालता येतं, मग तिच्या जागी नकली, म्हणजे मॉक, ऑब्जेक्ट ठेवला जातो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मात्र मॉड्यूलमध्ये त्या लायब्ररीच्या आवृत्तीची ‘यापेक्षा मोठी का’ अशी तुलना असेल, तर मॉक ऑब्जेक्ट आणि स्ट्रिंगची तुलना होत नाही आणि टाइपएरर येतो. मॉक केलेल्या क्लासपासून इनहेरिट केलं असेल, तर त्याच्या मेथड अर्थातच पानावर येत नाहीत.

सगळ्यात फसवा प्रकार डिफॉल्ट व्हॅल्यूंचा. फंक्शनच्या पॅरामीटरला होम डिरेक्टरीचा पाथ काढणारा कॉल डिफॉल्ट म्हणून दिला असेल, तर सिग्नेचरमध्ये तो कॉल दिसत नाही, बिल्ड मशीनवरचा पूर्ण पाथ छापला जातो, युजरनेमसकट. सेंटिनल ऑब्जेक्ट (‘काही दिलंच नाही’ याची खूण) असेल तर नुसतं ‘<object object>’ असं काहीतरी छापलं जातं आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. 4.0 पासून आलेलं ‘ऑटोडॉक_प्रिझर्व्ह_डिफॉल्ट्स’ चालू केलं की सोर्समध्ये लिहिलंय तेच छापतं. हे सेटिंग मुळात बंद का ठेवलंय, कोण जाणे.

स्वतः लिहिलेल्या डेकोरेटरमध्ये (दुसऱ्या फंक्शनला गुंडाळणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘फंकटूल्स.रॅप्स’ विसरलात, तर आतल्या फंक्शनची डॉकस्ट्रिंग गायब होते आणि सिग्नेचरच्या जागी नुसते ‘*args, **kwargs’ उरतात. यात ऑटोडॉकचा दोष नाही. रॅपर जे सांगेल तेच ते दाखवणार. ‘इनिट’मध्ये सेल्फवर ठेवलेले अ‍ॅट्रिब्यूट तर क्लास तपासून कळूच शकत नाहीत. तेवढ्यासाठी ऑटोडॉक सोर्स चाळतं. त्या ओळीच्या वर हॅश-कोलनची कमेंट टाकली की नोंद होते.

क्रम मुळात अकारविल्हे असतो. मोठ्या क्लाससाठी तो निरुपयोगी, ‘बायसोर्स’ (सोर्समधला क्रम) करा. गूगल किंवा नमपाय शैलीच्या डॉकस्ट्रिंगसाठी नेपोलियन हे एक्स्टेंशन स्फिंक्ससोबतच मिळतं.

इम्पोर्ट करताच हार्डवेअरशी बोलणारा किंवा नेटवर्क धुंडाळणारा कोड असेल, तर मॉकची यादी वाढवत बसू नका. त्याऐवजी स्फिंक्स-ऑटोएपीआय हे वेगळं एक्स्टेंशन घ्या. ते नुसता सोर्स पार्स करतं, काहीच चालवत नाही. रनटाइमला जोडलेल्या मेथड मात्र त्यात हातानं लिहाव्या लागतील.