१३,३८० रुपयांचं बिल आणि न उघडलेलं निपल

ब्रेकच्या कामाचं बिल. मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलचा दाब तेलात उतरवणारा पंप, ३,४५०. उजवा कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्क आवळणारी पकड, 'नवीन', ४,२००. पॅडचा सेट १,१५०. ब्रेक ऑईल एक लिटर ४८०. हवा काढणे ६००. दोन्ही डिस्क लेथवर मारणे १,२००. मजुरी २,३००. एकूण १३,३८०. त्यातले पाच हजार आधी रोख मोजले, उरलेले ८,३८० गाडी ताब्यात घेताना फोनवरून. एवढ्या यादीतलं गाडीला खरोखर लागलं काय, तर पॅड. तेही कुणी बनवले देव जाणे, पाठीवर कसलाच छाप नव्हता.

गाडी २००६ ची वॅगन-आर. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस वगैरे भानगड नाही. बारा महिने खाऱ्या वाऱ्यात उभी. पुढचं उजवं चाक तापायचं, ब्रेक मारला नसतानाही गाडी उजवीकडे ओढायची, सपाटीवर न्यूट्रल केली की दहा पावलांत थांबायची. पुढचा ब्रेक धरून बसतोय हे शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न असतो तो कशामुळे धरतोय हा, आणि पैसे तिथेच खाल्ले जातात.

हायवेलगतच्या त्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पॅडल दोनदा दाबलं आणि निकाल दिला, "काका, मास्टर सिलिंडर गेलो तुमचो. ही गाडी घेवन घाट उतराव नका." चाक उचललं नाही. हात लावून बघितलं नाही. डावं चाक गार आहे का गरम, हेही विचारलं नाही. मास्टर सिलिंडर धरला तर एकटं एक चाक सहसा तापत नाही, त्या सर्किटवरचं, म्हणजे त्याच तेलाच्या वाटेवरचं, दुसरं चाकही धरतं, आणि पॅडल वरच्या वर कडक लागतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मान डोलावली, त्याची लाज पैशांपेक्षा जास्त आहे.

माझी बाजू सांगतो, हवी तर हसा. चतुर्थीला आठ दिवस. मुंबईची माणसं कुडाळ स्टेशनला उतरणार, त्यांना आणायचं. प्रत्येक गॅरेजात रांग. पावसाने अंगणाचा नुसता चिखल, जॅक लावला की गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली रुततो. अशा वेळी घाटाचं नाव काढलं की माणूस पाकीट उघडतोच. त्यालाही ते ठाऊक होतं.

आता तो क्षण. गाडी परत घेताना चाकाच्या जाळीतून आत डोकावलो. कॅलिपर चंदेरी, चकचकीत. मनात म्हटलं, वा, नवीन. पण निपलवरची, म्हणजे हवा काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूवरची, रबरी टोपीही चंदेरी होती. नवीन मालाची टोपी काळी असते. टोपीच्या बुडाशी वाळलेला तांबडा चिखल, त्यात अडकलेली गवताची एक काडी, आणि त्या काडीलाही चंदेरी रंग. ही काडी मी बघितली. चांगली दोन सेकंद बघितली. आणि 'कुठून तरी उडून बसली असेल' असं म्हणून पैसे पाठवले. ओल्या स्प्रेत काडी उडून बसेलही, पण ती चिखलासकट बसत नाही!

नीट समजून घ्या. मास्टर सिलिंडर बदलला किंवा कॅलिपर बदलला, तर लाइनमध्ये हवा शिरतेच. हवा काढायची तर निपल सोडावंच लागतं. म्हणजे निपलच्या षटकोनावर पान्याची ताजी खूण पाहिजे, गंज मोडलेला पाहिजे, आजूबाजूला तेलाची ओल पाहिजे. निपल हा त्या बिलाचा साक्षीदार. ते जर जुन्या चिखलात गाडलेलं असेल, तर मास्टर सिलिंडर, कॅलिपर, एक लिटर ऑईल आणि हवा काढणे या चारही ओळी खोट्या. माझ्या बिलात त्या चारांची बेरीज ८,७३० होते. दुसरा साक्षीदार बॉनेटखाली, ब्रेक ऑईलची बाटली. नवीन ऑईल फिकट मधासारखं दिसतं. माझ्या बाटलीत कोरा चहा होता. लेथवर मारलेल्या डिस्कवर ताज्या बारीक रेषा दिसतात, माझ्या डिस्कवरच्या जुन्या चरीत नख अडकत होतं.

अकरा दिवस गाडी बरी चालली. अकरा दिवसांत चतुर्थी झाली, माणसं परत गेली. बाराव्या दिवशी तोच वास, तेच उजवं चाक. गॅरेजवाला म्हणाला, "आता बूस्टर बघूक होयो." बूस्टर म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणारा डबा. साडेचार हजार.

मग मी स्वतः केलं ते आधीच करायला हवं होतं. पंधरा मिनिटांचं काम आहे. सपाट जागा, जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दगड, आणि उचललेल्या गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. आधी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, कारण काही दोष थंडपणी लपतात. चाक वर घ्या, कुणाला तरी पॅडल जोरात दाबून सोडायला सांगा, मग चाक हाताने फिरवा. पॅड किंचित घासत असेल तर चालतं. फिरतच नसेल तर निपलवर पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत, आणि रिंग पान्याने निपल पाव फेरा सोडा. दोन तोंडी पाना नको, षटकोन गोल होतो आणि मग कॅलिपर खरंच बदलावा लागतो.

तेल पिचकारीसारखं उडालं आणि चाक सुटलं, तर आत दाब अडकून राहिला होता, कॅलिपर निर्दोष. निपल सोडूनही चाक जाम, तर दोष कॅलिपरमध्येच, म्हणजे पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो), पिस्टन (पॅडला रेटणारा दट्ट्या) किंवा गंजून बसलेले पॅड. दाब अडकला असेल तर आणखी एक पायरी. निपल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून चाक जाम करा, आणि या वेळी लोखंडी पाईप जिथे रबरी होजला, म्हणजे लवचिक नळीला, जोडतो तिथला नट जरा ढिला करा. तिथे चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. नट ढिला करूनही सुटलं नाही, पण निपलवर सुटलं, तर दोष मधल्या हातभर होजमध्ये. तपासणी झाली की नट घट्ट करा, ऑईल भरा आणि हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

माझं चाक निपलवर सुटलं, नटावर नाही. होज.

बाहेरून होज दिसायला ठीक होता. आतलं रबर फुगून त्याची जीभ झालेली असते. पायाचा दाब मोठा, त्याने तेल पुढे रेटलं जातं. परत येताना ढकलणारं कोण, तर पिस्टनभोवतीचं चौकोनी सील. ते दाबाखाली मुरडतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, एवढीच काय ती ताकद. ती त्या जिभेला हलवू शकत नाही. गाडी तासभर उभी राहिली की तेल हळूहळू झिरपून परत येतं आणि चाक मोकळं होतं. म्हणून गॅरेजातून निघताना गाडी झकास चालते. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलायला गॅरेजवाल्याला जड गेलंच असणार. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं.

आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो. होजला जिथे लोखंडी पट्टीची पकड असते तिथे खाऱ्या हवेने गंज धरतो, गंज फुगतो आणि पट्टी होजला आवळते. वरून रंग मारला की काही दिसत नाही.

पिनांचं दुखणं वेगळं. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड असेल तर पिनांवर संशय घ्या; कॅलिपर सरकत नाही, पिस्टन एकट्या आतल्या पॅडला रेटतो. त्या बाहेर काढून गंज घासायचा, खोलवर खड्डे पडले असतील तर पिन बदलायची, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. माझ्या पिनांवर गॅरेजवाल्याने बेअरिंगचं साधं ग्रीस फासलं होतं. त्याने रबराच्या टोप्या फुगून ढिल्या झाल्या, पाणी आत जायला वाट मोकळी. ब्रेक ऑईलच्या बाटलीत तर चुकूनही इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल पडू देऊ नका. सगळी सीलं फुगतात आणि मग खरोखरच दहा-पंधरा हजारांचं काम निघतं.

माझा खरा खर्च: दोन्ही बाजूंचे होज ७००, पिनांच्या टोप्या १८०, सिलिकॉन ग्रीस ६०, ऑईल अर्धा लिटर १९०. एक हजार एकशे तीस रुपये.

बिल घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. "ही दिवाणी बाब आहे." बरं, फसवणूक हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा, कलम ३१८, असं म्हटलं तर, "काका, पार्ट बदलला नाही हे तुम्ही कसं सिद्ध करणार?" काडी दाखवली. हसले. दुसऱ्या दिवशी या, साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. परिवहन कार्यालयात विचारलं, तर गॅरेजांचा आमच्याशी संबंध नाही. कर खात्यात सांगितलं, बिलावर जीएसटी क्रमांकच नाही, मग तक्रार कुणाविरुद्ध? अहो, क्रमांक नाही हीच तर तक्रार! एकाने तर सल्ला दिला की गावातलाच माणूस आहे, मिटवून घ्या. वीस वर्षांच्या गाडीवर कशाला एवढा जीव जाळता, असंही ऐकवलं. ब्रेक गाडीचं वय बघून लागत नाही, पण हे त्या खिडकीतून कुणाला सांगणार? चार खिडक्या, सहा खेपा, रिक्षा-एसटीला ६४० रुपये गेले, ते या बिलात धरलेले नाहीत.

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, तो धरलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावा. पण बिल पक्कं हवं. माझं वहीच्या पानावर, कार्बन ठेवून लिहिलेलं. पैसे फोनवरून दिले तेवढाच पुरावा पक्का, म्हणून रोख देऊ नका. पाच हजारांचा माझ्याकडे कागदच नाही.

जुना माल गाडीत टाकून मागा, 'भंगारात गेला' हे उत्तर ऐकून घेऊ नका. गाडी देण्यापूर्वी कॅलिपरवर, मास्टर सिलिंडरवर आणि होजवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, फोटो काढा. रंगवलेला भाग दिसला की नखाने खरवडा. ऑईलचा डबा सीलबंद आणायला लावा, आपल्यासमोर उघडा. ते हवेतलं पाणी पितं, आणि आपल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा फुकट दिला तरी घेऊ नये. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल कोरं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी पिऊन १४० वर येतं. आंबोली घाट उतरताना धरलेला ब्रेक आणि असलं ऑईल एकत्र आलं की पॅडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला.

मास्टर सिलिंडर अजून २००६ चाच आहे, ठणठणीत. वहीच्या त्या पानावर त्याची सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिली आहे, फेब्रुवारीपर्यंत.