हाताने घडवलेला ‘दमास्कस’ चाकू: माझे ९,८०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा मुद्दाम लिहितोय. लाजेखातर लोक गप्प बसतात आणि या भामट्यांचं फावतं.

जाहिरात अशी: १०९५ आणि १५एन२० या दोन जातींच्या पोलादाचे थर (ते एकत्र घडवले की पात्यावर नक्षी दिसते, तेच ‘दमास्कस’), फुल टँग म्हणजे मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं पोलाद, अक्रोडाची मूठ. चाकू ८,५००, चामड्याचं म्यान ९५०, कुरिअर ३५०. पैकी ४,२५० आगाऊ, बाकीचे ५,५५० माल निघण्याआधी. कारागीर आगाऊ रक्कम घेतातच. आणि मी काही नवखा नाही, सह्याद्रीत फिरताना कार्बन स्टील वापरत आलोय. मूठ बसवण्याआधीचा फोटोसुद्धा मी मागितला होता. किती जण मागतात?

सगळं त्या फोटोतच होतं. जाहिरातीतल्या मुठीला तीन रिव्हेट, फोटोतल्या पात्याच्या शेपटाला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाला, भोकं दोन. मी विक्रेत्याला विचारलंही! “सर, डिझाइन बदललंय, आता जास्त मजबूत आहे.” एक रिव्हेट काढून मजबूत? तेव्हा ते ५,५५० माझ्याच खात्यात होते, हे आठवलं की अजून डोकं फिरतं. पण जो माणूस पोलादाला पाणी कसं देतात, म्हणजे तापवून-बुडवून कडक कसं करतात, यावर तासभर बोलतो, तो चोर असेल असं कुणाला वाटेल? फोटो जुळत नसेल तर तिथेच व्यवहार थांबवा. खुलासे ऐकत बसू नका.

मी मात्र पैसे भरले आणि चाकू आला. मुंबईच्या पावसाळ्यात कार्बन स्टील गंजापासून जपावं लागतं. मी प्रत्येक वेळी पुसून, सुकवून, मिनरल ऑइलचा हात द्यायचो. चामडं ओल धरतं, म्हणून म्यानात ठेवत नव्हतो. तरी डाग पडला. बारीक पॉलिश पेपर फिरवला तर डागाबरोबर नक्षीही गेली. खरी नक्षी थरांतच असते. घासून फिकी पडली तरी फेरिक क्लोराइड या रसायनात बुडवल्यावर परत उमटते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ते आणलं, सर्किट बोर्डवाले वापरतात तेच. पातं नुसतं काळं पडलं. धारेवर कानस लावली तर ती पोलाद खात गेली. नीट पाणी दिलेल्या धारेवरून कानस घसरते. शेवटी मूठ फोडली. आत बोटभर सळी, बाकी सगळा एपॉक्सी गोंद!

विक्रेता म्हणाला, “तुम्ही घासलंत, वॉरंटी संपली.” आणि ब्लॉक केलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “चाकू कशाला लागतो तुला?” जणू गुन्हेगार मीच. मग, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” दगडाला सोनं म्हणून विकलं तरी वस्तू मिळालेलीच असते ना, साहेब! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, हे मी त्यांना सांगायचं? नंतर म्हणे विक्रेता बाहेरचा, आमची हद्द नाही. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. बँकेचं उत्तर एका ओळीचं: पिन तुम्हीच टाकलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद झाली, पोचक्रमांक मिळाला, पुढे शांतता. पैसे गेल्या गेल्या हा नंबर लावला तरच रक्कम गोठवली जाण्याची आशा असते. माझी फसवणूक उघड व्हायलाच पावसाळा उजाडला.

चॅट पुसू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पूर्ण पैसे आधी देऊ नका, निदान कानस लावून बघेपर्यंत तरी.

मी आता ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथेच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. याच माणसाने तुम्हालाही असाच चाकू विकला असेल तर तुमची तक्रारही आजच नोंदवा.