ट्रॅक्शन कंट्रोल: आठ महिने, एक पावसाळा आणि आमची चढण

गाडी मे महिन्यात घेतली, आता जानेवारी. गुहागरात राहणाऱ्याला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागच्या जागी घसरू न देणारी सिस्टीम, हवीय कशाला, असं घेताना वाटलं होतं. पण आमच्या घरासमोरची चढण जांभ्याच्या चिऱ्यांची, जुलैत तिच्यावर हिरवंगार शेवाळ धरतं. जुनी गाडी तिथे एक चाक गरगर फिरवत बसायची आणि दुसरं ढिम्म.

नवी त्याच जागी आली, तर खालून टर्रर्र आवाज, इंजिन दबलेलं आणि समोर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतंय. सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवरच, गाडी न बघता, 'सेन्सर बदलावा लागेल' म्हणून सांगितलं. नेहमीचा मेकॅनिक मात्र हसला. "काका, दिवा लुकलुकतोय म्हणजे सिस्टीम काम करतेय. पेटून तसाच राहिला तर बिघाड, नाहीतर तुम्हीच बटण बंद केलेलं असणार."

मग त्याने चढणीवरच समजावलं. एबीएसचे (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चारही चाकांचा वेग मोजत असतात. ओढणारं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरलं, की ते घसरतंय. साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, म्हणजे शेवाळावरचं चाक जेवढा पेलेल तेवढाच कोरड्या चिऱ्यावरच्यालाही, जवळपास काहीच नाही! म्हणून सिस्टीम फिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावते. त्याला विरोध मिळाला की पलीकडच्या चाकापर्यंतही जोर पोचतो. टर्रर्र आवाज त्या ब्रेकच्या पंपाचा आणि व्हॉल्व्हचा. वर इंजिनची ताकदही थोडी कमी केली जाते. तेव्हापासून मी अॅक्सिलरेटर तुडवत नाही, बेताने धरून ठेवतो. गाडी कण्हत कुंथत का होईना, चढते. धोपाव्याच्या जेटीवर ओहोटीला फेरीबोटीतून वर येतानाही तेच.

फसलो डिसेंबरात, सुरूच्या बनामागच्या वाळूच्या वाटेवर. दोन्ही चाकं घसरायला लागली, तसं सिस्टीमने इंजिनच आवळलं. गाडी हलेना. शेवटी बटण दाबून बंद केलं, टायरमधली थोडी हवा सोडली, दोघांनी मागून रेटलं, तेव्हा सुटलो. (नेलीच कशाला, हे घरी ऐकून झालंय.)

उतारावर ब्रेक लावताना याचा काही उपयोग नाही, तिथे एबीएस. शेजाऱ्याच्या गाडीतही हेच सगळं आहे, पण टायर टकले. तो पावसाळाभर गाडी चढणीखालीच लावतो.

आमचे बाबा अजूनही दर आषाढात चढणीवर ब्लिचिंग पावडर मारतात. त्या दिवशी दिवा लुकलुकत नाही.