लेकराचा फोन: आधी सूचना (नोटिफिकेशन) आवरायच्या की वेळ बांधायची?

अंबाजोगाईत आमच्या घरी मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. तिला स्वतःचा फोन आहे. धाकट्याच्या हातात संध्याकाळी माझाच असतो. आतापर्यंत आम्ही तीन मार्ग वापरून पाहिले: अँड्रॉइड फोनमधलं डिजिटल वेलबीइंग (फोन किती वापरला ते दाखवणारी आणि अ‍ॅपला वेळ बांधणारी सोय), गुगलचं फॅमिली लिंक (आईबापांना स्वतःच्या फोनवरून लेकराचा फोन आवरू देणारं अ‍ॅप) आणि फोन देवळीत ठेवायचा घरचा नियम. तुमच्यासाठी कुठला बरा, हे फोन कुणाचा आहे आणि लेकराजवळ मोठं माणूस कोण आहे, यावर ठरतं.

घरात फोन एकच असेल तर फॅमिली लिंकच्या मागं लागू नका. ते लेकराच्या गुगल खात्यावर चालतं. तुमच्याच फोनवर ते खातं मुख्य केलंत, तर झोपेच्या वेळी फोनला कुलूप पडल्यावर तुम्हालाही सोयाबीनचा भाव बघता येणार नाही. अशा घरात देवळीच बरी. फुकटात होतं, कुठल्याही फोनला चालतं. अट एकच, मोठ्यांचे फोनही तिथंच जायला हवेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, असं गावानं ठरवलं. तो नियम लहान-थोर सगळ्यांसाठी होता, म्हणून मला तो पटतो.

मुलीच्या बाबतीत आम्ही आधी चूक केली. नुसते तास मोजत बसलो आणि रोज भांडलो. वेलबीइंगमध्ये कोणत्या अ‍ॅपवरून किती सूचना आल्या हे दिसतं. ते उघडल्यावर कळलं की ती फोन घेत नव्हती, फोनच तिला बोलावत होता. वर्गाचा ग्रुप, शिकवणीचा ग्रुप, मैत्रिणींचे चार ग्रुप, वर खरेदीच्या सवलती आणि ‘परत खेळायला ये’ म्हणणारा गेम! शिकवणीचा ग्रुप सोडून बाकी सगळे कायमचे म्यूट केले. नको ती सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरायचं, तेवढाच प्रकार बंद करता येतो. यूट्यूबच्या सगळ्या सूचना दिवसातून एकदाच एकत्र येतील, अशीही सोय आहे. अँड्रॉइड 13 पासून नवं अ‍ॅप सूचना पाठवण्याआधी परवानगी मागतं. तिथं ‘नको’ म्हणायला लेकराला शिकवा. एवढं केल्यावर वेळ बांधायचं भांडण निम्मं झालं.

वेलबीइंगची उणीवही सांगतो. अ‍ॅपवर लावलेली वेळ लेकरू स्वतःच काढू शकतं, मध्ये पासवर्ड नाही. समजूतदार नववीतलीला ते चालतं, पाचवीतल्याला नाही. (आयफोन असेल तर त्यातल्या स्क्रीन टाइमला पासकोड लावता येतो.)

फॅमिली लिंकचा खरा उपयोग दूर असलेल्या आईबापांना आहे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी माणसं लेकरं आजी-आजोबांजवळ ठेवतात. आजीला फोनमधलं काही कळत नाही, पण बाप फडावरून झोपेची वेळ लावू शकतो, नवं अ‍ॅप अडवू शकतो. कुलूप पडलं तरी आलेला कॉल लेकराला उचलता येतो, म्हणून काळजी नको. वेळ बदललीत तर लेकराच्या फोनला नेट असेल तेव्हाच बदल पोचतो. वाडीवस्तीवर हे लक्षात ठेवा. लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला मात्र हे लावू नये असं मला वाटतं. त्याला अभ्यासाच्या तासांपुरता वेलबीइंगमधला फोकस मोड पुरे. निवडलेली अ‍ॅप्स आणि त्यांच्या सूचना तेवढा वेळ थांबतात.

आमच्याकडे सध्या मुलीला फोकस मोड, धाकट्याला देवळी. पुढच्या जूनमध्ये त्याला मुलीचा जुना फोन द्यायचा आहे. त्यावर फॅमिली लिंक लावणार, पण ते लावताना त्याला शेजारी बसवून.