बिसोप्रोलोल + हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, ८ महिने घेतल्यानंतर

पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर या गोळीला नुसत्या शिव्या घातल्या असत्या, म्हणून थांबलो. बिसोप्रोलोल ५ मिग्रॅ आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ६.२५ मिग्रॅ, एकाच गोळीत दोन्ही, सकाळी एक. आधी बीपी १५८/९८ च्या आसपास आणि नाडी बसल्याजागी ९२-९५, छातीत धडधड कायमची. धडधडीमुळेच बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारं औषध, इथे बिसोप्रोलोल) दिलाय, नाहीतर नुसत्या बीपीसाठी आजकाल तो सहसा पहिला देत नाहीत असं डॉक्टर म्हणाले.

दोन औषधं कशाला हा माझाही प्रश्न होता. तर पाणी काढणारी गोळी (म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड) एकटी घेतली की शरीर गप्प बसत नाही, मीठ-पाणी कमी झालं की किडनी रेनिन सोडते आणि रक्तवाहिन्या परत आवळायला लागतात. बीटा ब्लॉकर नेमकं ते रेनिन दाबतो, वर ठोकेही कमी करतो. म्हणजे एकाची खोडी दुसरा निस्तरतो, आणि म्हणून दोघांचेही डोस लहान ठेवून भागतं.

पहिले दोन आठवडे मात्र बेकार गेले. जिना चढताना पायात शिसं भरल्यासारखं, हाताची बोटं गार, झटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी. लघवीला रात्रभर पळावं लागेल असं वाटलेलं ते काही झालं नाही, सकाळी घेत असल्याने दुपारपर्यंतच काय ते. तिसऱ्या आठवड्यापासून बीपी १२८/८२, नाडी ६२, आणि धडधड गायब, हे सुख काय असतं ते ज्याला होती त्यालाच कळेल.

माझी खरी फजिती जिममध्ये झाली. २२० वजा वय करून मी माझी कमाल नाडी १७४ धरलेली, त्यामुळे १४० तरी गाठायचेच म्हणून ट्रेडमिलवर जीव काढतोय आणि आकडा १२० च्या वर जाईना, मला वाटलं घड्याळच बिघडलं. घड्याळ बरोबर होतं हो, औषध ठोके वाढूच देत नव्हतं. आता घड्याळ बघतच नाही, चालताना दोन वाक्यं बोलता येतायत का एवढंच बघतो.

चौथ्या महिन्यात रात्री पोटरीत गोळे यायला लागले, मी म्हटलं चालणं जास्त झालं असेल, तर तपासणीत पोटॅशियम ३.३ निघालं (पाण्याच्या औषधाने ते घटतं), साधारण ३.५ च्या खाली नको. दहा दिवस सिरप दिलं, मग ३.९ आलं. (ते सिरप मनाने घेऊ नका, किडनी कमजोर असेल तर उलटंच महागात पडतं.) सोडियम ठीक होतं. साखर किंचित वर, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.६ चं ५.८, ही दोन औषधं मिळून साखर थोडी वाढवू शकतात त्यामुळे त्यावर लक्ष आहे. आमच्या दादाला मधुमेह आहे, तो म्हणाला मलाही हीच चालेल का, त्याला म्हटलं आधी डॉक्टरांना विचार, कारण साखर फार उतरली की जी थरथर आणि धडधड होते ती बीटा ब्लॉकरमुळे झाकली जाते, घाम तेवढा सुटतो. दमेकऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

दोन चुका माझ्याच. प्रवासात गोळ्यांचं पाकीट घरी राहिलं, दोन दिवस गोळी नाही, दुसऱ्या संध्याकाळी नाडी ११० आणि छातीत ढोल. अचानक बंद करायची नाही हे सांगितलेलं होतंच, पण ऐकलं कोणी. आणि एकदा कंबर धरली म्हणून चार दिवस आयब्युप्रोफेन घेतली तर बीपी १४६/९२, डॉक्टरांनी चांगलं झापलं, ती जात या औषधांचा परिणाम कमी करते आणि किडनीवरही ताण आणते.

सध्या एकच किरकिर आहे, युरिक अ‍ॅसिड ७.९ आहे (पाण्याच्या औषधाने वाढतं, आणि वाढलं की अंगठ्याचा सांधा सुजणारा गाऊट होऊ शकतो) आणि पायाचा अंगठा जरा जरी ठणकला तरी मी मोजा काढून बघत बसतो, लाल झालाय का म्हणून. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे, आणखी वाढलं तर बिसोप्रोलोल तसंच ठेवून पाण्याचं औषध बदलू म्हणालेत.